चित्रकाराने चितारलेली पत्नी : फ्रेंच व्यक्तिचित्रणातील एक दालन

व्यक्तिचित्रणात चित्रकाराच्या मर्जीपेक्षा चित्र सांगणाऱ्याची मर्जी मोठी असते. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीच्या किंवा कापड कारखान्याच्या कचेरीत संस्थापकांचे तैलचित्र लावायचे ठरते, तेव्हा कोटाचा रंग कोणता, फेटा की टोपी, सुरकुत्या किती दाखवायच्या, हे सारे मुले किंवा संचालक मंडळ ठरवते. चित्रकारासमोर प्रत्यक्ष माणूस बसेलच असे नाही. पुष्कळदा एखाद्या जुन्या छायाचित्रावरच काम भागवावे लागते. चित्र पसंत पडले की त्याला हार चढतो आणि बिल चुकते होते. यात कमीपणा मुळीच नाही. जगातील बहुतेक थोर व्यक्तिचित्रे अशीच मागणीवरून झाली आहेत. परंतु याच कलेत एक लहानसे दालन असेही आहे, की जिथे मागणी नाही, मानधन नाही आणि मुदतही नाही. तिथे चित्रकार आपल्या पत्नीला समोर बसवतो आणि आपणच आपला यजमान होतो. हॉलंड आणि फ्लँडर्समध्ये रेम्ब्राँ व रूबेन्स यांनी हे दालन गाजवले. फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून राज्यक्रांतीनंतरच्या काळापर्यंत त्याला निराळे वळण लागले, कारण तेथे चित्रकाराच्या घराला राजमान्य संस्था आणि जाहीर प्रदर्शन यांचा शेजार होता.

ती संस्था म्हणजे १६४८ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली चित्र व शिल्पकलेची शाही अकादमी. १६६७ मध्ये आंद्रे फेलिबियाँ या लेखकाने अकादमीच्या व्याख्यानांना जोडलेल्या प्रस्तावनेत चित्रविषयांची उतरंड मांडली. सर्वांत वर इतिहास व पुराण, त्याखाली व्यक्तिचित्र, नंतर प्राणी, निसर्गदृश्य आणि तळाशी फळे-फुले-भांडी यांचे स्थिरचित्रण. म्हणजे व्यक्तिचित्रणाला मान दुसरा होता. पैसा मात्र भरपूर होता. अकादमीच्या सभासदांची प्रदर्शने लूव्ह्र राजवाड्यात भरत आणि १७३७ पासून ती नियमित झाली. ‘सलों’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रदर्शनांना सर्व थरांतील लोक येत. दरबाऱ्यांच्या आणि सावकारांच्या चित्रांशेजारी चित्रकाराची बायकोही भिंतीवर झळकू शकत असे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

या चित्रांमागे एक व्यावहारिक कारणही होते. अकादमीच्या अभ्यासवर्गात नमुना म्हणून केवळ पुरुष बसत. स्त्रीला तेथे मज्जाव होता. पुराणचित्रांत तर देवता, अप्सरा आणि संत स्त्रिया पदोपदी लागत. तेव्हा स्त्रीदेहाची ठेवण, मानेचा कल, वस्त्राची पडण यांचा अभ्यास करायचा कोणावर? घरातील स्त्रीवर. त्यामुळे पत्नीचे चित्र आणि पत्नीवरून घेतलेले चित्र असे दोन वेगळे प्रकार मानावे लागतात. पहिल्यात ती स्वतः असते, दुसऱ्यात ती कोणा संत स्त्रीचे सोंग घेऊन उभी असते. इतिहासकारांचे निम्मे वाद या दोहोंची सीमा ठरवण्यावरूनच होतात.

सीमेवरचे पहिले ठळक उदाहरण सिमों व्हूए याचे. १५९० मध्ये जन्मलेला हा चित्रकार तरुणपणी रोमला जाऊन राहिला आणि १६२६ मध्ये त्याने व्हर्जिनिया दा व्हेत्सो हिच्याशी विवाह केला. ती वेल्लेत्री गावची आणि स्वतः चित्रकर्ती. त्याच वर्षी क्लोद मेलां या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने तिचे मुद्राचित्र ताम्रपटावर कोरले, त्यामुळे तिचा चेहरा आपल्याला खात्रीने ओळखू येतो. त्या चेहऱ्याशी ताडून व्हूएच्या काही मॅग्डालिनांमध्ये आणि संत स्त्रियांमध्ये अभ्यासकांना व्हर्जिनिया दिसते. १६२७ मध्ये राजा तेराव्या लुईच्या बोलावण्यावरून हे जोडपे पॅरिसला आले. तेथे तिने मुलींना चित्रकला शिकवली आणि १६३८ मध्ये ती वारली. एक ताम्रपट नसता, तर तिचा चेहरा संतांच्या गर्दीत कायमचा हरवला असता. चित्रकार हियासिंत रिगो याची पत्नी एलिझाबेथ द गुई हिचेही असेच. पतीने केलेले तिचे चित्र १७४३ मध्ये मुद्राचित्र होऊन घरोघर पोचले.

फ्रांस्वा बुशे याच्या बाबतीत असा ताम्रपट हाताशी नाही आणि म्हणून त्याच्या प्रसिद्ध चित्राभोवती एक ‘बहुधा’ कायमचा चिकटलेला आहे. १७४३ सालचे हे छोटे तैलचित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे. दिवाणावर एक तरुणी रेलून पाहणाऱ्याकडे बघते आहे. भिंतीवरच्या मांडणीत चिनी बाहुली आणि चहाची भांडी आहेत, लोकरीचा गुंडा जमिनीवर घरंगळला आहे आणि टेबलाच्या खणातील कागद अर्धवट बाहेर आले आहेत. ही मारी-जान ब्यूझो, बुशेची पत्नी, अशी परंपरा आहे. १७३३ मध्ये लग्न झाले तेव्हा ती १७ वर्षांची होती, म्हणजे चित्रात ती सत्तावीस वर्षांची ठरते आणि चेहराही तेवढाच वाटतो. मला या चित्रात खरी गंमत वाटते ती पसाऱ्याची. पैसे देऊन चित्र काढून घेणारी सरदारीण आपल्या खोलीतील लोकरीचा गुंडा असा जमिनीवर राहू देईल, हे संभवत नाही. चित्रातील स्त्री पत्नीच असल्याचा हा पुरावा नव्हे. पण परंपरेच्या बाजूने झुकायला तो पुरेसा आहे.

ज्यां-मार्क नातिये हा राजकन्यांचा चित्रकार. पंधराव्या लुईच्या मुलींना त्याने कधी महाभूते, कधी देवता म्हणून रंगवले आणि त्यांच्या गालांवर आयुष्यभर गुलाबी रंग चढवला. व्हर्सायच्या संग्रहात त्याचे स्वतःचे कुटुंबचित्र आहे. हातात रंगफलक घेतलेला चित्रकार, हार्पसिकॉर्ड या वाद्याजवळ पत्नी मारी-मादलेन आणि भोवती चार मुले. हे चित्र १७३० मध्ये सुरू केले आणि १७६२ मध्ये पुरे केले, अशी नोंद चित्रावरच आहे. मधल्या ३२ वर्षांत काय घडले, हे मात्र त्या नोंदीत नाही. पत्नी १७४२ मध्ये वारली. चित्रकलेच्या अभ्यासासाठी रोमला गेलेला एकुलता मुलगा १७५४ मध्ये तायबर नदीत बुडाला. चित्र पुरे करायला घेतले, तेव्हा त्यातील दोन माणसे जगात नव्हती आणि स्वतः नातिये सत्तरीच्या पुढे गेला होता. गिऱ्हाइकाचे चित्र असते तर ते फार पूर्वीच देऊन टाकावे लागले असते.

या साऱ्या दालनातील सर्वांत गाजलेले चित्र मात्र जन्माने फ्रेंच नसलेल्या माणसाचे आहे. अलेक्झांडर रोस्लिन याचा जन्म १७१८ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे झाला. १७५२ मध्ये तो पॅरिसला आला आणि पुढच्याच वर्षी अकादमीचा सभासद झाला. तेथेच त्याची मारी-सुझान जिरू हिच्याशी गाठ पडली. ती पोरकी, पण खाऊनपिऊन सुखी घरातील, आणि चित्रकला शिकणारी. रोस्लिन परका, शिवाय प्रॉटेस्टंट. तिचा सांभाळ करणाऱ्यांना हे स्थळ पसंत नव्हते. बरीच वर्षे थांबून अखेर १७५९ मध्ये त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांना सहा मुले झाली.

१७६८ मध्ये रोस्लिनने तिचे जे चित्र केले, ते ‘बुरखाधारी स्त्री’ या नावाने ओळखले जाते आणि स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ६५ गुणिले ५४ सेंटिमीटर. मारी-सुझानने इटलीतील बोलोन्या शहराच्या चालीप्रमाणे डोक्यावरून काळ्या रेशमाचे वस्त्र घेतले आहे आणि त्याने चेहऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग झाकला आहे. उघडा डोळा थेट आपल्याकडे पाहतो, ओठांच्या कडेला हसू आहे आणि हातात मिटलेला पंखा आहे. वस्तुतः हे प्रदर्शनाच्या थाटाचे चित्र आहे. त्यात वेषांतराचा खेळ आहे आणि प्रेक्षकाला खिजवणेही आहे. परंतु तो खेळ दोघांनी मिळून मांडलेला आहे, हे त्या नजरेवरून कळते. ती ज्याच्याकडे पाहून हसते आहे, तो आपण नव्हे.

रोस्लिनची कीर्ती वस्त्रांच्या चित्रणासाठी होती. साटिन रंगवावे तर त्यानेच, असे त्या काळचे लोक म्हणत. काळे रेशीम रंगवणे हे गुलाबी साटिनपेक्षाही अवघड, कारण काळ्यात प्रकाश दाखवायला जागा थोडी असते. येथे त्याने तीन वेगळे काळे वापरले आहेत : जिथे कापडाचे पदर एकावर एक येतात तो दाट काळा, जिथे एकच पदर आहे तो त्वचेची ऊब आरपार दिसणारा करडा काळा, आणि घडीच्या धारेवर चमकणारा निळसर काळा. कागल वसाहतीतील कापड कारखान्यांच्या फोल्डिंग खात्यात उजेडावर धरून कापडाचा पोत तपासणारी मंडळी आहेत. हे चित्र, निदान त्याची चांगली छापील प्रत, त्यांनी अवश्य पाहावी. समीक्षकापेक्षा त्यांचे डोळे या बाबतीत अधिक तयार आहेत.

हे चित्र एकटे पाहिले तर मारी-सुझान म्हणजे एक सुंदर गृहिणी, इतकेच वाटण्याचा धोका आहे. त्याआधीच्या वर्षी, १७६७ मध्ये, रोस्लिनने केलेले दुसरे चित्र तो धोका टाळते. त्यात ती स्वतः काम करते आहे. विल्हेल्म पाइल या स्नेह्याचे व्यक्तिचित्र ती रंगशलाकांनी काढते आहे आणि रोस्लिन शेजारी आहे. पती चित्रकार, पत्नीही चित्रकार, आणि चित्राचा विषय म्हणजे पत्नीचे काम. स्त्री सभासद एका वेळी चारपेक्षा अधिक नकोत, असा दंडक अकादमीने १७७० मध्ये घातला. त्याच वर्षी मारी-सुझान आपल्या गुणांवर सभासद झाली. प्रवेशासाठी तिने सादर केलेले शिल्पकार पिगाल याचे चित्र आज लूव्ह्रमध्ये आहे आणि ते कोणत्याही पुरुष सभासदाच्या तोडीचे आहे. दोनच वर्षांनी, १७७२ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाने ती वारली. वय अवघे ३८. रोस्लिन पुढे २१ वर्षे जगला आणि १७९३ मध्ये पॅरिसलाच गेला.

मारी-सुझानचे माध्यम रंगशलाका हे होते. आपण त्याला पेस्टल म्हणतो. रंगद्रव्याची भुकटी, थोडी पांढरी माती आणि अगदी अल्प डिंक यांच्या कांड्या वळून वाळवतात आणि त्या कोरड्याच कागदावर ओढतात. तेल नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. रंग मूळ तजेल्यासह कागदाच्या लवेवर अडकून राहतो. दोष हा की तो हात लागताच पुसतो, म्हणून चित्र काचेखाली ठेवावे लागते. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा १७२० मध्ये पॅरिसला आली आणि हे माध्यम तेथे लोकप्रिय झाले. पुढे मॉरिस कांतां द ला तूर याने ते कळसाला नेले. घरगुती व्यक्तिचित्रासाठी ते सोयीचे होते. दुर्गंधी नाही, पसारा कमी, आणि बैठक मोडून उद्या पुन्हा सुरू करता येते.

ज्यां-सिमेऑं शार्दां या माध्यमाकडे वळला तो वृद्धपणी, डोळे अधू झाल्यावर. आयुष्यभर त्याने उतरंडीच्या तळाची पायरी सांभाळली : तांब्याची भांडी, पाव, फळे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया. त्याची पहिली पत्नी मार्गरीत सेंतार लग्नानंतर चारच वर्षांनी, १७३५ मध्ये वारली. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने ‘चहा घेणारी स्त्री’ हे चित्र केले होते. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील या चित्रात तीच बसली असावी, असे मानतात. १७४४ मध्ये त्याने फ्रांस्वाज-मार्गरीत पूजे या विधवेशी विवाह केला. ती खमकी आणि व्यवहारात चोख होती. १७५५ पासून शार्दांकडे अकादमीचे कोषाध्यक्षपद आले, तेव्हा हिशेब ठेवायला तिचा मोठा आधार झाला.

१७७५ मध्ये त्याने तिचे रंगशलाकाचित्र केले. त्याच वर्षी कपाळाला डोळ्यांवरची ढाल बांधलेले स्वतःचेही केले. जोडीने ही चित्रे लूव्ह्रमध्ये आहेत. ती तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची होती. पांढऱ्या टोपीने केस पूर्ण झाकलेले, खांद्यावर वस्त्र, मिटलेले पातळ ओठ आणि समोरच्यावर स्थिर झालेली, किंचित थकलेली नजर. जवळ जाऊन पाहिले तर गालावर हिरव्या, निळ्या, विटकरी रेघा न पुसता तशाच सोडलेल्या दिसतात. चार पावले मागे सरले की त्यांची त्वचा होते. बोटाने घोटून गुळगुळीत करणे सहज शक्य होते. शार्दांने ते केले नाही. दुसऱ्या वर्षी त्याने हेच चित्र पुन्हा केले; ते शिकागोला आहे. पत्नीच्या सौंदर्याची भुरळ नसताना, ३० वर्षांच्या संसारानंतर आणि अंधुक नजरेने केलेले हे चित्र मी ‘बुरखाधारी स्त्री’च्याही वर ठेवतो. नाव त्याचे अधिक गाजले. खोली याची अधिक आहे.

सर्वच घरे अशी सुखाची नव्हती. ज्यां-बातिस्त ग्रोझ याने आपली पत्नी आन-गाब्रिएल बाब्यूती हिला अनेकदा चित्रात आणले, पण तो संसार १७९३ मध्ये घटस्फोटात संपला. जाक-लुई दाविद याची कथा उलट्या दिशेने गेली. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाच्या बाजूने दाविदने मत दिले. त्याची पत्नी, राजनिष्ठ विचारांची शार्लोत पेकूल, हिने पुढच्या वर्षी त्याच्यापासून घटस्फोट घेतला. मग क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर पडला, दाविद तुरुंगात गेला आणि तीच त्याच्या मदतीला धावली. १७९६ मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केले. १८१३ मध्ये त्याने तिचे चित्र केले. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पांढरे साटिन, शाल, डोक्यावर पिसांचा तुरा, आणि त्या सगळ्या थाटाच्या मध्यभागी एक साधा, रुंद, समंजस चेहरा. नेपोलियनला आल्प्सच्या घाटात उधळत्या घोड्यावर बसवणाऱ्या या चित्रकाराने पत्नीचे नाक मात्र आहे तसेच ठेवले.

ही परंपरा आपल्याकडे आली ती अकादमीच्या शिक्षणपद्धतीबरोबर. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि युरोपीय पद्धतीचे यथार्थ चित्रण तेथे शिकवले जाऊ लागले. अडचणही तीच पुन्हा उभी राहिली. प्रतिष्ठित घरातील स्त्री परक्या पुरुषासमोर बसणे त्या काळी अशक्यप्राय होते, त्यामुळे चित्रकाराला आपल्या घराकडेच वळावे लागे. गोव्यातील सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे याचे उत्तम उदाहरण. जे. जे.मध्ये शिकून तेथेच त्यांनी अध्यापन केले. पत्नी फ्लोरेन्तिना यांना त्यांनी अनेकवार रंगवले. ‘डोल्चे फार निएन्ते’ हे त्यांतील गाजलेले. विसाव्याचा क्षण पकडणाऱ्या या चित्राची वंशावळ थेट युरोपीय दिवाणखान्यातील चित्रांशी जुळते. त्यांची कन्या आंजेला याही नामांकित चित्रकर्ती झाल्या. त्रिंदाद यांचा मोठा संग्रह पणजीच्या फोंताइन्यश भागातील फुंदासाव ओरिएंत या संस्थेत पाहायला मिळतो आणि कोल्हापूरहून तो पॅरिसपेक्षा बराच जवळ आहे.

खुद्द कोल्हापूरचा या पद्धतीशी संबंध जुना आहे. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ मध्ये कोल्हापुरातच झाला. १८९० मध्ये ते जे. जे.मध्ये दाखल झाले आणि पुढे त्याच संस्थेचे संचालकपद भूषवणारे पहिले भारतीय ठरले. ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी भारतातील नाना जातींच्या, नाना प्रांतांच्या स्त्रिया रंगवल्या. त्यांच्या कन्या अंबिका याही चित्रकार. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री अशी मोठी मालिका या शहराने पाहिली. ‘दळवीज’ आणि ‘कलानिकेतन’ यांतून शिकून गेलेले चित्रकार आज पंचक्रोशीतील कित्येक घरांत आहेत. यांपैकी कित्येकांनी एखाद्या रिकाम्या दुपारी आई, पत्नी, बहीण यांना समोर बसवून चित्रे केली असणार. अशी चित्रे प्रदर्शनात जात नाहीत. ती माळ्यावर, कपाटामागे आणि पुठ्ठ्यांच्या चवडीत पडून राहतात.

बुशेच्या चित्राभोवतीचा ‘बहुधा’ आणि शार्दांच्या चहा घेणाऱ्या स्त्रीभोवतीचे ‘असावी’ हे अडीचशे-तीनशे वर्षांनंतरही सुटलेले नाही, आणि त्याचे कारण एवढेच की चित्राच्या मागे कोणी नाव लिहिले नाही. आपल्या घरी असे चित्र असेल तर ते बाहेर काढून घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यातील स्त्रीचे माहेरचे व सासरचे नाव, चित्रकाराचे नाव आणि अंदाजे साल यांची नोंद करावी. नोंद पेनाने कापडावर करू नये, कारण शाई झिरपून पुढच्या बाजूला डाग उमटू शकतो. मागच्या लाकडी चौकटीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहावे. कागदावरील चित्र असेल तर नोंद त्याच्या पाठीच्या कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावी. पेस्टल असेल तर त्यावरची काच मुळीच काढू नये आणि ते पालथे ठेवू नये.